गाडी कोणती घ्यायची? आधी रस्ता बघू!

सोयाबीन विकून झालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की आपल्या परभणी जिल्ह्यातल्या घराघरात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे गाडीचा. पूर्वी हा विषय दोन वाक्यांत संपायचा. शंभर सीसीची, चांगलं ॲव्हरेज देणारी, दुधाची कॅन आणि खताचं पोतं वाहणारी गाडी आणायची, हार घालायचा, पेढे वाटायचे, झालं! आता मात्र पोरं मोबाईल पुढे धरतात. त्यात एक उंच, सडपातळ गाडी चिखलाचे फवारे उडवत हवेत उडी मारत असते. "आई, ही डर्ट बाईक. आपल्या आखाड्याच्या रस्त्याला हीच पाहिजे!" आई घटकाभर बघते आणि म्हणते, "मला काय कळतं त्यातलं? बाबांना विचार."

मैत्रिणींनो, हा विषय 'बाबांना विचार' म्हणून सोडून देण्यासारखा नाही. कारण हप्ता भरताना कात्री लागते ती आपल्या घरखर्चाला. कधी कधी तर गाडीसाठीचं कर्ज आपल्याच नावावर, आपल्याच बचत गटातून उचललेलं असतं. गाडीवर मागे बसणाऱ्या आपण, आणि पोराला यायला उशीर झाला की दाराकडे डोळे लावून बसणाऱ्याही आपणच. मग गाडी निवडताना आपण गप्प का?

आधी एक घोळ मिटवू. पोरं ज्या सगळ्यांना सरसकट 'डर्ट बाईक' म्हणतात, त्यात दोन अगदी वेगळ्या गाड्या असतात. खरी डर्ट बाईक ही शर्यतीची गाडी. तिला हेडलाईट नसतो, इंडिकेटर नसतो, आरसा नसतो, बहुतेक वेळा मागे बसायची सोयही नसते. वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे हलकी आणि चपळ. बाक मात्र जमिनीपासून सदतीस इंचांच्या घरात, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षाही उंच! उडी मारून खाली आदळली तरी धक्का जिरावा म्हणून तिचे शॉकॲब्सॉर्बर जवळपास फूटभर दबतात. इंजिन इतकं ताणून काढलेलं, की तिच्या ऑईलचा हिशोब किलोमीटरवर नाही, चाललेल्या तासांवर ठेवावा लागतो. किंमत लाखांत. आणि मुख्य म्हणजे तिचं पासिंग होत नाही. नंबर नाही म्हणजे ती सार्वजनिक रस्त्यावर आणताच येत नाही. बंद मैदानात, आखलेल्या ट्रॅकवरच चालवायची ती वस्तू.

दुसरी ती ट्रेल बाईक, म्हणजे डांबरी रस्ता आणि माळरान दोन्हीकडे चालणारी. १९६८ साली जपानच्या यामाहा कंपनीने डीटी-१ नावाची गाडी आणली आणि हा प्रकार जगभर लोकप्रिय झाला. आपल्याकडे हिरोने २०११ मध्ये दीडशे सीसीची इम्पल्स काढली, पण तिला फार गिऱ्हाईक मिळालं नाही आणि ती बंद पडली. मग २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली आणि ती मात्र खेड्यापाड्यांतल्या पोरांच्याही नजरेत भरली. दिवे, हॉर्न, आरसे, नंबरप्लेट, मागे बसायला जागा, सगळं असलेली, रीतसर पासिंगची गाडी.

आता आपल्या रस्त्यांच्या हिशोबाने बघू. आपली जमीन काळी. पाऊस पडला की चपलेला अर्धा-अर्धा किलो माती चिकटते, तशीच ती गाडीच्या चाकालाही चिकटते. नेहमीच्या गाडीचं मडगार्ड चाकाला लागून असतं. त्यात चिखल गच्च बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने चिखल कोरत बसायचं, किंवा गाडी ढकलत न्यायची. ट्रेल बाईकचं पुढचं मडगार्ड चाकापासून बरंच वर असतं, त्यामुळे चिखल अडकत नाही. स्प्लेंडरसारखी गाडी जमिनीपासून साडेसोळा सेंटीमीटर उंच, तर एक्सपल्स २०० होती बावीस सेंटीमीटर. वावराच्या वाटेवरच्या दगडाला इंजिन घासायचं की नाही, हे एवढ्याशा फरकावर ठरतं. पुढचं चाक एकवीस इंची, आरीचं. ते खड्ड्यातून सहज वर येतं. जिंतूरच्या डोंगराळ भागात किंवा गंगाखेडकडच्या बालाघाटाच्या वाटांवर रोजचं जाणं-येणं असेल, तर याचा फायदा पाठीच्या मणक्यालाही कळतो.

पण दुसरी बाजूही ऐका. दोनशे सीसीचं इंजिन शंभर सीसीपेक्षा जास्त पेट्रोल पिणारच. रोजच्या पन्नास किलोमीटरला महिन्याकाठी किती फरक पडेल, हे घरच्या वहीत मांडून बघा. शंभर सीसीच्या गाडीचं सामान पालम-सोनपेठच्या दुकानातही मिळतं, आणि गावातला मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो. ट्रेल बाईकचा एखादा भाग तुटला तर तो मागवावा लागू शकतो, आणि गाडी पेरणीच्या ऐन गडबडीत उभी राहते. वजन दीडशे किलोच्या वर, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा चाळीसएक किलोने जास्त. चिखलात आडवी झाली तर एकट्या बाईने उचलावी कशी? आणि खरं सांगायचं तर मुसळधार पाऊस झाल्यावर आपल्या काळ्या रानात बैलगाडीसुद्धा फसते. तिथे कंपनीची जाहिरात चालत नाही.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. खरी डर्ट बाईक परवडत नाही म्हणून काही पोरं जुन्या गाडीचीच 'डर्ट बाईक' करतात. मडगार्ड काढायचं, दिवे काढायचे, सायलेन्सर बदलायचा, ठोकळ्या-ठोकळ्यांचे टायर चढवायचे. दिसायला झकास! पण ते टायर मातीत रुतून पकड घेण्यासाठी असतात. ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते आणि ब्रेक मारला की गाडी घसरते. दिवा नसलेली गाडी रात्री कल्याण-निर्मल महामार्गावर उसाच्या ट्रॅक्टरमागे आली तर काय होईल, हे मी वेगळं सांगायला नको. कायद्यानेही गाडीच्या मूळ रचनेत असे मनमानी बदल करता येत नाहीत.

कायद्याचं निघालंच आहे तर आयांनी हे पाठच करून ठेवावं. गिअरची गाडी चालवायला वय अठरा पूर्ण लागतं. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आपल्याकडे "स्कूटी तर आहे, गिअर कुठंय?" म्हणून दहावीच्या पोराच्या हाती चावी देतात. पण नेहमीच्या स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या असतात, आणि शेतात सर्रास चालणारी टीव्हीएस एक्सएल १०० सुद्धा नावाप्रमाणे शंभराचीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. गाडी आईच्या नावावर असेल, तर मालक कोण? आईच! कागदावर सही करताना हे ध्यानात असू द्या.

गाडीचा विचार करताना आपण आणखी एक माणूस विसरतो, ती म्हणजे घरातली लेक. गाडी पोराच्या पसंतीने येते आणि लेक कॉलेजला एसटीची वाट बघत उभी राहते. एक्सपल्स २०० चा बाक साडेबत्तीस इंचांच्या आसपास होता. पाच फुटांच्या मुलीचे पाय त्यावरून नीट टेकत नाहीत. म्हणजे घरातला एवढा मोठा पैसा एकाच माणसाच्या गाडीत अडकतो. आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, नर्सबाई रोज वाड्या-तांड्यांवर जातात. त्यांना उडी मारणारी गाडी नको असते. पाय टेकतील, साडी चाकात जाणार नाही आणि कुठंही दुरुस्त होईल अशी गाडी हवी असते. मागे बसणाऱ्याचा कपडा चाकात अडकू नये म्हणून संरक्षण असावं, हा आपल्या देशात नियमच आहे. नवी गाडी घेताना साडीगार्ड 'दिसायला खराब' म्हणून काढून टाकणाऱ्या पोराला हे ठणकावून सांगा.

याचा अर्थ मुली हे करू शकत नाहीत असा मुळीच नाही हं! बंगळुरूच्या ऐश्वर्या पिसे हिने २०१९ मध्ये बाजा या खडतर मैदानी शर्यतींच्या विश्वचषकात महिला गटाचं विजेतेपद मिळवलं. मोटरस्पोर्टमध्ये जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. पण ते शिकून, सराव करून, अंगावर पूर्ण चिलखत चढवून, आखलेल्या मार्गावर. कॅनॉलच्या कडेने ट्रिपल सीट नव्हे.

जगात इतरत्र काय करतात? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांवर यामाहाची एजी नावाची गाडी वर्षानुवर्षं चालते. एजी म्हणजे ॲग्रिकल्चर. सामानाला कॅरिअर, हाताला गार्ड, उतारावर कुठूनही उभी करता यावी म्हणून दोन्ही बाजूंना स्टँड. वेग बेताचा, पण कामाची. आफ्रिकेत गांबिया, लेसोथोसारख्या देशांत 'रायडर्स फॉर हेल्थ' या संस्थेने आरोग्य कर्मचाऱ्यांना मोटरसायकली चालवायला शिकवल्या. त्यांचा भर गाडीपेक्षा दोन गोष्टींवर होता. एक म्हणजे चालवणाऱ्याचं प्रशिक्षण, आणि दुसरी म्हणजे गाडीची रोजची देखभाल. चेन, ब्रेक, टायरची हवा, ऑईल बघितल्याशिवाय गाडी काढायची नाही. आपल्याकडे देव्हाऱ्यात दिवा लावायला कुणी विसरत नाही. तसंच हे.

तेव्हा या दसरा-दिवाळीला गाडीचा विषय निघाला, की ताटं वाढता वाढता आपणही चार प्रश्न विचारू या. रोजचा रस्ता डांबरी किती आणि कच्चा किती? घरातली किती माणसं ही गाडी चालवू शकतील? बिघडली तर तालुक्याला दुरुस्त होईल का? आणि चालवणाऱ्याचं लायसन कुठंय? रस्ता बहुतांश डांबरी असेल तर शंभर सीसीची गाडी किंवा स्कूटर बरी. वावरातली ओझी असतील तर एक्सएलसारखी साधी गाडी. रोज डोंगर-दगडांतूनच जायचं असेल, पोरगं अठरा पूर्ण असेल आणि खिशाला झेपत असेल, तर ट्रेल बाईक खुशाल घ्या, त्यात उधळपट्टी काही नाही. डर्ट बाईकला मात्र आपल्या रस्त्यावर जागा नाही. त्याला तो खेळ म्हणून शिकायचाच असेल, तर नीट शिकवणारा शोधू, ट्रॅकवर पाठवू.

आणि गाडी कोणतीही येवो, तिच्याबरोबर आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेट घरी आलीच पाहिजेत. एक त्याचं, एक मागे बसणाऱ्याचं. हार आणि पेढे नंतर आणले तरी चालतील.