घाटाखालचे रान

कोल्हापूरच्या माणसाला पाण्याचे कौतुक नको. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळची भेळ खाल्ली आणि पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी कुठवर चढले ते पाहून आले, की आमचा जलविहार संपला. पाण्यात उगवणाऱ्या हिरव्या गोष्टींबद्दल तर आमचे मत पक्के आहे. रंकाळ्यात जलपर्णी माजली म्हणजे काय होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून पाण्यात वाढते ती घाण, आणि घाण दिसली की काढून टाकावी, एवढेच शहाणपण गाठीला बांधून आम्ही संक्रांतीनंतरच्या सुट्टीत मालवणला गेलो.

बरोबर सौ. होती, पुण्याची वहिनी होती आणि नऊ वर्षांची पुतणी होती. गगनबावड्याचा घाट उतरताना तिघींचीही पोटे ढवळली. पण मालवणचा किनारा दिसताच सर्वांना एकदम भूक लागली! दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडीतून निघालो. पाणी इतके नितळ, की तळाचे खडक दिसत होते. आणि त्या खडकांवर तांबूस-पिवळसर रंगाची झुडपेच्या झुडपे लाटेबरोबर डोलत होती. होडीच्या पंख्यात त्यांचे झुबके अडकले, यंत्र बंद करावे लागले, आणि माझ्यातला रंकाळेकर जागा झाला.

"ही घाण काढून का टाकीत नाही तुम्ही?" मी विचारले.

तांडेल म्हातारा होता. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पंख्यातला झुबका सोडवता सोडवता तो सौ.ला म्हणाला, "वयनी, ह्यां गवत न्हय. ह्यां माशांचां आजोळ."

एवढे बोलून त्याने बादलीभर समुद्राचे पाणी घेतले, तो झुबका त्यात बुडवून चार वेळा झटकला आणि बादली पुतणीपुढे ठेवली. मग काय विचारता! मसुराएवढा खेकडा, काचेसारखी पारदर्शक कोळंबीची पिल्ले, एक इवलीशी गोगलगाय आणि ज्यांचे डोळेच तेवढे दिसत होते असे दोन मासे. हातभर झुडपात एवढा संसार! पुतणीने बादली पुन्हा समुद्रात ओतायला लावली, तेव्हाच होडी पुढे सरकली.

घरी आल्यावर मी पुस्तके चाळली. कोल्हापूरच्या माणसाला कोणी गप्प केले, तर तो निदान अभ्यास तरी करतो.

या झुडपाचे शास्त्रीय नाव सरगॅसम. ते तपकिरी रंगाचे सागरी शेवाळ आहे. याला फांद्या दिसतात, पाने दिसतात, मिऱ्यासारखी फळेही दिसतात. पण यातले खरे काहीच नाही. फळे म्हणजे हवेचे फुगे. त्यांच्यामुळे झुडूप पाण्यात उभे राहते आणि उन्हाकडे पोहोचते. तळाला मुळासारखा पंजा असतो, पण तो खडकाला धरून ठेवण्यापुरताच. अन्नपाणी शोषायचे काम सर्वांगाने चालते. कोलंबस 1492 साली ज्या शेवाळाच्या समुद्रातून गेला, तिथले सरगॅसम जन्मभर तरंगत असते. आपल्या कोकणातले मात्र खडकाला धरून राहणारे, घरंदाज!

यांच्या वर्षाचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, नद्या गाळ आणतात, पाणी गढूळ होते. त्या काळात बहुतेक झुडपे मोडून वाहून जातात आणि खडकावर उरतात ते पंजे. पाऊस सरला, पाणी निवळले, ऊन तळापर्यंत पोहोचू लागले, की त्या पंजांतून नवे कोंब निघतात. म्हणजे आपल्याकडे चकलीचा सोऱ्या फळीवरून खाली उतरतो, त्याच सुमारास समुद्रात पालवी फुटत असते. थंडीत रान भरात येते आणि उन्हाळ्यापर्यंत पुन्हा विरळ होते.

या रानाचा उपयोग काय? पहिला उपयोग आडोशाचा. उघड्या खडकावर माशाचे पिल्लू म्हणजे ताटात वाढलेला घास. झुडपात त्याला लपायला जागा मिळते, लाटेचा जोर मंदावतो आणि पानांवर चिकटलेले बारीक जीव खायला मिळतात. कित्येक जातींच्या माकुली अशाच शेवाळावर द्राक्षांच्या घोसासारखी अंडी चिकटवतात. झुडपे कुजली, की त्यांचा चुराही वाया जात नाही. त्यावर किडे-खेकडे जगतात, आणि त्यांच्यावर मासे. तांडेलाने एका शब्दात सांगितले ते हेच. आजोळी काही कोणी जन्मभर राहत नाही. पण अंगावर मूठभर मांस चढते ते तिथेच.

थंड समुद्रांत तर अशी रानेच्या राने आहेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे केल्प नावाचे शेवाळ दहा-बारा मजली इमारतीएवढे उंच होते आणि अनुकूल दिवसांत रोज हात-दीड हात वाढते. त्या रानाची एक गोष्ट सांगतो. उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पाणमांजरांची मऊ कातडी मिळवण्यासाठी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत व्यापाऱ्यांनी त्यांची इतकी शिकार केली, की 1911 साली करार करून त्यांना वाचवावे लागले. पुढे 1974 साली दोन शास्त्रज्ञांनी अलास्काजवळच्या बेटांची तुलना करून दाखवले, की जिथे पाणमांजरे उरली होती तिथे केल्पचे रान दाट होते. जिथे नव्हती तिथे तळ ओसाड. कारण पाणमांजरे ज्यांना खातात ते काटेरी चेंडूसारखे प्राणी मोकाट वाढले आणि त्यांनी शेवाळ मुळापासून कुरतडले. आम्ही दाजीपूरच्या जंगलात गवे पाहायला जातो, तेव्हा वनरक्षक सांगतो, की एक जनावर काढले तर सगळी घडी विस्कटते. समुद्राचा कायदा वेगळा नाही.

2014 ते 2016 या काळात तिकडचे पाणी नेहमीपेक्षा बरेच तापले. काटेरी प्राण्यांना खाणारे तारामासेही रोगाने मेले. पुढच्या थोड्याच वर्षांत उत्तर कॅलिफोर्नियातले नव्वद टक्क्यांहून अधिक केल्प नाहीसे झाले. रान उभे राहायला युगे लागली. जायला एवढी वर्षे पुरली.

आता कोणी म्हणेल, आमच्या स्वयंपाकघराशी याचा काय संबंध? आहे! दुधाची जेली करायला घरात चायना ग्रास आणता ना? ते तांबड्या शेवाळापासून करतात. 1881 साली जर्मनीत वाल्टर हेस नावाच्या डॉक्टरांचे जंतू वाढवायचे जिलेटिन उन्हाळ्यात पातळ होई. त्यांच्या पत्नी फॅनी जेलीसाठी हेच शेवाळ वापरीत. त्यांनी ते सुचवले. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत ते चालू झाले आणि आजही जगभर जंतूंची तपासणी त्यावरच होते. सौ.ने हा मजकूर दोनदा वाचला आणि "पाहिलंत?" एवढेच म्हणाली. तपकिरी शेवाळातून निघणारा चिकट पदार्थ आइस्क्रीम दाट करायला आणि कापडावर छपाईचा रंग घट्ट करायला लागतो.

मालवणचा हा समुद्र 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला; क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. कोळीबांधवांनी त्याला विरोध केला, आणि त्यांच्या बाजूने विचार केला तर तो समजण्यासारखा आहे. ज्याच्या पणजोबापासून चूल त्या पाण्यावर पेटते, त्याला उद्या कोणी "इथे जाळे टाकू नको" म्हणाले तर तो काय करील? रान राखायचे तर त्याला बरोबर घेऊनच राखावे लागेल. शेवाळाला आजोळ म्हणायला त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते.

आणि आपण? आमची पंचगंगा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. म्हणून मालवणच्या समुद्राचे आपण काही बिघडवत नाही, असे मला वाटे. पण सुट्टीत तिकडे जाणाऱ्या गाड्यांत आपल्याही गाड्या असतात. हौशी होड्यांचे नांगर त्या खडकांवर पडतात तेव्हा नुसती फांदी मोडत नाही, पंजा निघतो. आणि पंजा गेला की पुढच्या दिवाळीत तिथे कोंब नाही. हॉटेलांचे सांडपाणी, डोंगर कापल्याने येणारा गाळ यांनी पाणी गढूळ झाले की ऊन तळाशी पोहोचत नाही. आपल्या ताटातली मासळी घाट चढून येते. त्याच घाटाने आपला निष्काळजीपणा खाली उतरतो.

यंदा पुन्हा मालवणला जायचे ठरते आहे. पुतणीचे पत्र आले आहे. तिने विचारले आहे, बादलीतला तो मसुराएवढा खेकडा आता केवढा झाला असेल? मी उत्तर दिलेले नाही. पण होडी ठरवताना नांगर कुठे टाकणार ते आधी विचारायचे, एवढे मात्र ठरवून ठेवले आहे.