चव चांगली, पण एरिया बरोबर नाही!



आमच्या वस्तीच्या तोंडाशी एका ताईंचे रस्सा-भाकरीचे हॉटेल आहे. सहा टेबले. ज्वारीची भाकरी, मटणाचा झणझणीत रस्सा, सुकटीची चटणी आणि रविवारी वजडी. गल्ल्यामागच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांचे फोटो. मागच्या महिन्यात ताईंनी आम्हाला विचारले, "दादा, फोटो आतल्या खोलीत नेऊ का? पोरगा म्हणतो, बाहेरचं गिऱ्हाईक वाढेल."

पोराने मोबाईल पुढे केला. हॉटेलबद्दल ग्राहकांनी लिहिलेली मते आम्ही एकेक करून वाचली. कोणी लिहिले, रश्श्यात मीठ जास्त. ही तक्रार रास्त आहे. रविवारच्या गर्दीत ताईंचा हात जड पडतो, हे आम्हीही त्यांना तोंडावर सांगितले आहे. पण बाकीची मते कशी? चव चांगली, पण एरिया बरोबर नाही. जेवण एक नंबर, पण फॅमिली नेण्यासारखे नाही. स्वच्छतेचे काही सांगता येत नाही. सांगता येत नाही, तर मग तारे कशाचे कापले? याच रस्त्यावर पुढे गटाराला लागून एक खानावळ आहे. तिला मात्र 'घरगुती', 'सात्त्विक' म्हणून भरभरून तारे!

जीभ खोटे बोलत नाही, म्हणून चवीला पैकीच्या पैकी गुण मिळतात. 'पण' हा शब्द मात्र जिभेचा नाही, जातीचा आहे. पूर्वी सरळ 'विटाळ' म्हणत. आता 'एरिया', 'क्राउड', 'हायजीन' म्हणतात. 2024 च्या मार्चमध्ये झोमॅटोने 'प्युअर व्हेज' ग्राहकांसाठी डिलिव्हरीवाल्यांचा वेगळा ताफा आणि हिरवा गणवेश जाहीर केला. टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला, पण वेगळा ताफा ठेवला. सोवळ्याला बाजारात गिऱ्हाईक आहे, हे कंपनीला बरोबर ठाऊक होते.

काही जण म्हणतील, कोणी कुठे जेवावे हे ज्याचे त्याचे स्वातंत्र्य. मान्य. संविधानाच्या कलम 15(2) ने हॉटेलचे दार आम्हाला ग्राहक म्हणून उघडून दिले. पण आम्ही गल्ल्यावर मालक म्हणून बसलो, की समोरच्याला आत यायला लावणारे कलम कुठलेच नाही. आणि जिथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तिथेच जात आज आरामात जेवायला बसली आहे.

हे राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. पाण्याला शिवला म्हणून गंगाराम कांबळे यांना मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः गेले. गाडी थांबवून चहा प्यायले आणि सोबतच्या मंडळींनाही पाजला. केवळ भांडवल देऊन ते थांबले नाहीत, तर ग्राहकही झाले. 1920 च्या माणगाव परिषदेत बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीर करणारा राजा हाच.

सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच स्पष्ट केले आहे. ताईंकडे चार सवर्ण जेवले म्हणून जातिअंत होईल, असा आमचाही भ्रम नाही. पण इथे प्रश्न एका बाईच्या कर्जाच्या हप्त्याचा आहे.

म्हणून बोट आता आपल्याकडे वळवू. गेल्या 14 एप्रिलला आमच्या मंडळाने जेवणाची ऑर्डर कोणाला दिली? बाहेरच्या 'शुद्ध शाकाहारी' केटररला. ऑफिसचे पाहुणे येणार होते ना! ताईंचे दुकान पन्नास पावलांवर असताना आम्ही पनीर वाढले. सुकटीचा वास पाहुण्यांना चालेल का, ही भीती आमच्याच मनात होती. मोबाईलवर 'एरिया बरोबर नाही' लिहिणाऱ्यात आणि आमच्यात त्या दिवशी फरक काय होता?

ताईंना आम्ही सांगितले, फोटो हलवू नका. पण हे सांगणे फुकटचे आहे. हप्ता त्या भरतात, आम्ही नाही. फोटो भिंतीवर राहावा असे वाटत असेल, तर समोरच्या खुर्च्या भरण्याची जबाबदारीही आपली. येत्या जयंतीचे जेवण ताईंकडूनच येईल, असे मंडळाने ठरवले आहे. तुमच्या वस्तीतही अशा ताई असतील. तिथे जेवा, पूर्ण पैसे द्या, उधारी ठेवू नका. ऑफिसच्या मित्रांना न लाजता घेऊन जा. मग मोबाईल काढून खरे तेच लिहा. मीठ जास्त असेल तर मीठ जास्त लिहा. फक्त 'पण' लिहिण्याआधी तो जिभेवरून आला की डोक्यातून, एवढे तपासा.

जयभीम! जय संविधान!