दगडावर नाव कोणाचे?



दरवर्षी १ जानेवारीला नाशिक जिल्ह्यातून कित्येक कुटुंबे भीमा कोरेगावच्या स्तंभाकडे जातात. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्यापैकी अनेकजण या वर्षी प्रथमच जाणार असतील. जाण्यापूर्वी एक प्रश्न मनाला विचारून घ्यावा. युद्धाच्या स्मारकापुढे बौद्धाने कोणत्या भावनेने उभे राहावे? हा प्रश्न टाळून चालणार नाही. कारण परक्यांच्या विजयाचा उत्सव करणारे म्हणून कोणी आपणांस हिणवतो, तर आपल्यातलाच कोणी त्या स्तंभाला नवा देव करू पाहतो. दोघांचा दोष एकच आहे. दगडावर काय लिहिले आहे, हे दोघांनीही वाचलेले नाही.

वाचनाचा आरंभ आपल्या नाशिकपासूनच करू. शहराजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील भिक्खूंच्या विहारांना लोकांनी पांडवलेणी हे नाव देऊन टाकले. पांडवांचा तेथे काडीचाही संबंध नाही. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी कोरलेला एक दीर्घ लेख आहे. गौतमी बलश्री या राजमातेने तो विहार भदायनीय भिक्खुसंघाला दान दिला, त्याचा हा लेख. परंतु त्यातील फार मोठा भाग तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमाने भरलेला आहे. शक, यवन, पल्हव यांचा त्याने संहार केला, क्षहरातांचे घराणे निःशेष केले, असे तो लेख सांगतो. तेव्हा हे दानपत्र तर आहेच, पण नाशिकचे युद्धस्मारकही आहे.

आणि त्याच लेखात पुढे काय आहे? या राजाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, हे त्याचे भूषण म्हणून कोरले आहे! ज्या भगवंतांनी जन्माने ठरणारे श्रेष्ठत्व नाकारले, त्यांच्याच भिक्खूंच्या निवासात वर्णरक्षणाची ही बढाई! भिक्खूंना निवारा मिळाला आणि दात्याला आपली प्रशस्ती लिहिण्यास भिंत मिळाली. एवढ्या लढाया झाल्या, पण त्यांत पडलेल्या एकाही शिपायाचे नाव तेथे नाही. या लेण्याच्या दर्शनी भागी, ओसरीच्या खाली, तुळयांचा भार खांद्यावर पेलणाऱ्या धिप्पाड आकृती कोरलेल्या आहेत. भार वाहणारा डोळ्यांना दिसतो. त्याचे नाव मात्र कोणी लिहीत नाही. आमच्या इतिहासाचे याहून नेमके चित्र कोणते असणार?

आता कोरेगावचा स्तंभ वाचा. लढाई १ जानेवारी १८१८ ची. पायाचा दगड २६ मार्च १८२१ चा. चौरस चौथरा, त्यावर वर निमुळता होत गेलेला सुमारे ६५ फूट उंचीचा दगडी सुळका, आणि इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांतील लेख. हा स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या गौरवासाठी उभारला. लेखात कोरेगावच्या बचावाची स्तुती आहे. अस्पृश्यतेविषयी अवाक्षरही नाही. त्रिरश्मीप्रमाणे येथेही भाषा दात्याचीच आहे. तथापि येथे एक गोष्ट अशी घडली, जी बलश्रीच्या लेखात घडली नव्हती. पडलेल्या शिपायांची नावे दगडावर आली. त्या ४९ नावांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ती महारांची आहेत. त्यांच्या जोडीला मराठ्यांची आणि इतरांचीही नावे आहेत. गावात ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांचे नाव मरणानंतर इतरांच्या नावांशेजारी लागले.

परक्यांची चाकरी केली, असे म्हणणाऱ्यांना विचारा की, पेशव्यांच्या फौजेतील अरब कोणत्या देशप्रेमाने लढत होते? पेशवाईतील अस्पृश्यांच्या स्थितीचे जे वर्णन बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त केले, ते वाचून मग निष्ठेचा हिशेब मागा.

पण हिशेब आपणही चोख ठेवला पाहिजे. ज्या सरकारने ही नावे कोरली, त्याच सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना लष्कराचा दरवाजा बंद केला. तो उघडण्यासाठी शिवराम जानबा कांबळे यांना १९१० साली अर्ज करावा लागला. महायुद्धाची गरज पडताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडले. दगडावरचे नाव ही साक्ष आहे; तो हक्क नव्हे. म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभास भेट देऊन बाबासाहेब तेथेच थांबले नाहीत. त्याच वर्षी महाडचे तळे आले आणि २ मार्च १९३० रोजी आमच्या नाशिकात काळाराम मंदिराचे दार आले. शूरांचे वंशज त्या दारापुढे उभे राहिले, तेव्हा स्तंभाची साक्ष कोणी विचारात घेतली? कोणीच नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा ही या अनुभवातून आली.

आमच्या परंपरेत युद्धाचा आणखी एक लेख आहे. कलिंग जिंकल्यावर अशोकाने तेराव्या शिलालेखात एक लाख मृतांची आणि दीड लाख परागंदा केलेल्यांची संख्या स्वतः कोरविली आणि त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. विजेत्याने शत्रूचे मृत मोजले! बौद्धाच्या हाती ही फूटपट्टी आहे. कोरेगावला दोन्ही बाजूंची माणसे मेली, हे तिने मोजणाऱ्याला विसरता येणार नाही.

म्हणून जा, अवश्य जा. परंतु स्तंभाची पूजा करू नका. मुलांना पुढे घेऊन ती नावे मोठ्याने वाचा आणि लेख कोणी, कशासाठी लिहिला हेही त्यांना समजावून सांगा. परत आल्यावर एक वही घ्या. दादासाहेब गायकवाड यांच्याबरोबर काळारामच्या दारी उभे राहिलेले आपल्या गावातील स्त्री-पुरुष कोण, दगड कोणी खाल्ले, तुरुंगात कोण गेले, १९५६ नंतर गावातली पहिली दीक्षा कोणी घेतली, हे घरोघरी विचारून लिहा. ती वही विहारात ठेवा आणि ऐपत येताच नावे दगडावर कोरा.

राजाने राजाचे लिहिले, कंपनीने कंपनीचे लिहिले. आता लिहिण्याचे साधन आपल्या हाती आहे. तरीही आपली माणसे निनावी राहिली, तर तो दोष कोणत्या पेशव्यावर घालणार?

जयभीम.