सलाईननें बरा होणारा कुत्रा

धाराशिव, तुळजापूर, उमरग्याकडील घरांतून कुत्रा आतां देवडीवर राहिलेला नाहीं. सोवळें सांभाळणाऱ्या आजीबाईंच्या डोळ्यांदेखत तो माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आला आहे. त्याच्या दुखण्याखुपण्याचा भारही मग घरावरच आला. त्यांतील एका फसव्या दुखण्याविषयीं आज लिहूं इच्छितों.

कुत्रा अन्न टाकतो, ओकतो, मलूल होऊन पडतो. दवाखान्यांत सलाईन लावलें कीं संध्याकाळीं शेपूट हालवूं लागतो. घरचीं माणसें निश्चिंत होतात. महिन्या-दीड महिन्यानें पुन्हा तोच प्रकार. कोणी म्हणतें खरकटें बाधलें, कोणी म्हणतें गोचिडांचा ताप. मराठवाड्यांत गोचिडांचा ताप प्रथम मनांत यावा हें रास्तच. परंतु तिसऱ्या खेपेसही सलाईनवरच भागवावें, हें आम्हांस पटत नाहीं.

मूत्रपिंडांजवळ ॲड्रिनल नांवाच्या दोन लहान ग्रंथि असतात. त्यांचें कॉर्टिसोल संकटकाळीं शरीरास तगवून धरतें आणि आल्डोस्टेरॉन रक्तांतील क्षारांचा तोल राखतें. बहुधा शरीराची रोगप्रतिकारक शक्तिच उलटून या ग्रंथींचा नाश करते. मग सोडियम घटतें, पोटॅशियम वाढतें, आणि त्या वाढीनें हृदय मंदावून कुत्रा दगावूंही शकतो. सलाईन तेवढ्यापुरती तूट भरून काढतें, म्हणूनच फसगत होते. लंडनच्या डॉ. थॉमस ॲडिसन यांनीं १८५५ सालीं माणसांतील या रोगाचें वर्णन केलें. कुत्र्यांच्या रोगासही त्यांचेंच नांव चालतें.

क्षार ठीक दिसले तरी रोग नाहींच असें नव्हे. रक्तांतील कॉर्टिसोल डेसिलिटरला २ मायक्रोग्रॅमहून अधिक निघालें, तर मात्र ही शंका बहुतेक मिटते. कमी निघाल्यास एसीटीएच टोंचून तासाभरानें तें पुन्हा मोजतात. गांवीं सोय नसेल तर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करावी.

उपचार जन्मभराचा, पण साधा आहे. क्षारांसाठीं फ्लुड्रोकॉर्टिसोन, ही मूळची माणसांचीच गोळी; आणि कॉर्टिसोलच्या जागीं प्रेडनिसोलोन, अगदीं अल्प प्रमाणांत. कुत्रा फार पाणी पिऊं लागला, हांवऱ्यासारखा खाऊं लागला, तर प्रेडनिसोलोन जास्त होत आहे कीं काय तें डॉक्टरांस विचारावें. एवढें सांभाळलें तर तो इतर कुत्र्यांइतकाच जगतो. अडचण निराळीच आहे. दहा माणसांच्या घरांत गोळी एक तर दोनदां दिली जाते, नाहीं तर कोणीच देत नाहीं. तें काम एकाच्या नांवें लावावें. आणि तें एक नांव दर वेळीं धाकट्या सुनेचेंच असूं नये!

नवरात्रांत तुळजापूरच्या घरीं पाहुण्यांची रीघ लागते, दिवाळींत फटाके वाजतात. निरोगी कुत्र्याच्या ग्रंथि अशा वेळीं आपोआप अधिक कॉर्टिसोल देतात. याच्या देऊं शकत नाहींत. म्हणून त्या दिवसांत प्रेडनिसोलोन बहुधा दुप्पट करावें लागतें. तें किती व किती दिवस, हें डॉक्टरांकडून आधींच लिहून आणावें.

खाजेसाठीं महिनोन् महिने स्टिरॉइड घेणाऱ्या कुत्र्यांचीही अशीच गत होते. बाहेरून मिळतें म्हणून ग्रंथि सुस्तावतात. गोळी एकाएकीं थांबवली तर त्या लगेच जाग्या होत नाहींत. अशी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू उतरवावी.

कुत्रा थंडगार पडला, उठेनासा झाला, तर तोंडांत गोळी कोंबीत बसूं नये. रात्र असली तरी दवाखाना गांठावा, आणि औषधांची चिठ्ठी बरोबर न्यावी.