शस्त्रक्रियेचा भार एकट्या बाईवर

महाराष्ट्रातील ग्रामीण विवाहित स्त्रियांना कुटुंब नियोजनाची साधने आता ऐकून तरी माहीत आहेत. अडते ते निवडीपाशी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा एकूण जननदर १.७ होता आणि विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांनी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण मात्र एक टक्क्याहूनही कमी. ही विषमता अन्यायाची आहे, कारण पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक सोपी आणि कमी जोखमीची असते. तरीही ‘अंगात ताकद राहत नाही, शेतातली कामे होत नाहीत’ हा समज टिकून आहे, आणि कित्येकदा बायकोच तो बोलून दाखवते.

लवकर लग्न, लगेच पहिले मूल, दुसऱ्यानंतर ऑपरेशन हा क्रम इतका रुळला आहे की, पाळणा लांबवणारी तांबी, गोळ्या किंवा दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन मागेच पडते. ‘अंतरा’मुळे पाळी अनियमित होते, काहींची थांबते. हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरून पुढचा डोस टाळते. आशा सेविका तिला समजावतील, पण मुलाचा आग्रह धरणाऱ्या सासूशी आणि नवऱ्याशी कोण बोलणार? उपकेंद्रातील पुरुष आरोग्य कर्मचाऱ्यावर ही जबाबदारी स्पष्टपणे सोपवायला हवी.