स्मरणचित्र नेमकं कुणाचं?

रोहिणखेडला आम्ही काही जण मिळून दर रविवारी विहारात मुलांना चित्रकला शिकवतो. मुलं बहुतेक आठवी-नववीची, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसणारी. मागच्या खेपेला स्मरणचित्रासाठी विषय दिला : पाणवठा. कागद गोळा केले आणि आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. अकरा मुलांनी एकच चित्र अकरा वेळा काढलं होतं. रहाटाची गोल विहीर, नऊवारीतली गोरीपान बाई, तिच्या डोक्यावर दोन घागरी, मागे कळसाचं देऊळ आणि बाजूला नारळाची दोन झाडं.

मोताळा तालुक्यात नारळ! ही मुलं पाणी भरतात हापशीवर, नळाच्या पाळीला, उन्हाळ्यात टँकर आला तर टँकरखाली. भरतात प्लास्टिकच्या कॅनमध्ये. एका पोरीला विचारलं, "तुह्या घरी पाणी असं येते काय?" ती म्हणाली, "नाही सर. पण परीक्षेत असंच काढा लागते. गाईडात असंच हाये."

पोरीचं काही चुकलं नाही. तिला जे शिकवलं तेच तिने काढलं. चुकलं ते शिकवणाऱ्यांचं, आणि त्यांत आम्हीही आलो.

पाणवठा हा शब्द आपल्यासाठी साधा नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला हजारो माणसं सोबत न्यावी लागली. गावाची विहीर वेगळी आणि वस्तीची वेगळी, हे आमच्या आजीने पाहिलं आहे. त्या आजीची नात 'स्मरणचित्र' म्हणून जे काढते, त्यात तिचं स्वतःचं एकही स्मरण नाही. बाईचा रंग तिने रंगपेटीतल्या फिक्या गुलाबी खडूने भरला, कारण त्या खडूला दुकानात 'स्किन कलर' म्हणतात. तिच्या आईची स्किन त्या रंगाची नाही, तिची स्वतःचीही नाही. सहा-सात वर्षं ती चित्रकला शिकते आहे आणि एवढी साधी गोष्ट तिला कुणी दाखवून दिली नाही.

मग चित्रकला शिकायची कशाला? शाळेचं उत्तर तयार असतं : गुणांसाठी. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला ७ गुण, बी मिळाली तर ५, सी मिळाली तर ३. आम्ही त्या गुणांना नाक मुरडत नाही. आपल्या पोरांच्या हाती जे पडेल ते पडूच द्यावं. पण विषयाची किंमत एवढीच राहिली की मग गाईड पुरतं, शिक्षक लागत नाही. सरकारलाही तो लागत नाहीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तिथे कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा असं लिहिलं आहे. आपल्या राज्याने २०१५ साली त्यावर तोड काढली अतिथी निदेशकांची, तासिकेला ५० रुपये मानधनावर. पन्नास रुपयांत कलेचा शिक्षक! आमच्या भागातल्या एका शाळेत तर चित्रकलेचा तास सरळ गणिताला देऊन टाकतात, आणि पालकही खूश.

पालक म्हणजे आपलेच लोक. त्यांचं म्हणणं आम्ही रोज ऐकतो. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटलं ते कलेक्टर व्हायला, चित्रं काढत बसायला नाही. यावर आमचं उत्तर २०१२ सालचं आहे.

त्या वर्षी मे महिन्यात एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. चित्र शंकर यांचं, १९४९ सालचं. घटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू आणि बघे. आपण म्हटलं, हा अपमान आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांतले विद्वान म्हणाले, तुम्हाला विनोद कळत नाही, चाबूक गोगलगायीवर आहे. आपली बाजू खरी होती, पण ती नीट मांडता येणारे आपल्यात थोडेच निघाले. चाबकाची दिशा कुठली, कोण मोठा काढलाय, कोण छोटा, बघणारे का हसताहेत, हे बोट ठेवून दाखवायला चित्र वाचावं लागतं. ते काम उन्नमती श्याम सुंदर यांनी केलं. ते स्वतः व्यंगचित्रकार. त्या काळातल्या वर्तमानपत्रांतली बाबासाहेबांवरची शंभराहून जास्त व्यंगचित्रं त्यांनी गोळा केली, एकेकाची उलटतपासणी केली, आणि २०१९ मध्ये 'नो लाफिंग मॅटर' हे पुस्तक आलं. एकच व्यंगचित्र पाहिलं तर विनोद वाटतो, शंभर पाहिली की खोड दिसते. हे दाखवायला चित्र काढणारा हात आणि चित्र तपासणारा डोळा लागला. कलेक्टर झालेल्या आपल्या किती माणसांकडे तो आहे?

नागपूरचे सवी सावरकर घ्या. गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस त्यांनी कॅनव्हासवर आणला. भारतीय कलेत देव, राजे, अप्सरा यांची वाण कधीच नव्हती, हा माणूस मात्र कुणाला दिसला नव्हता. तो दिसायला तो पाहिलेला चित्रकार यावा लागला.

आता आपल्याच घरातलं थोडं. जयंतीच्या आदल्या दिवशी एका मुलाने विचारलं, "सर, बाबासाहेबाचा कोट निळाच काहून?" मंडपातल्या दोन कार्यकर्त्यांनी त्याला गप्प केलं. का बरं? संसदेच्या आवारात १९६७ साली बसलेला ब्रह्मेश वाघ यांचा पुतळा ब्राँझचा आहे, तिथे कोटाला निळा रंग नाही. निळा आपल्या झेंड्याचा रंग, तो लोकांनी कोटावर चढवला, आणि त्यात लोकांची अक्कल दिसते. ही केवढी मोठी गोष्ट त्या मुलाला सांगता आली असती! २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात विभूतिपूजेविरुद्ध बजावणाऱ्या माणसाच्या फोटोपुढे आपण प्रश्न विचारणाऱ्या पोराला गप्प बसवतो.

म्हणून आम्ही विहारातली पद्धत बदलली. गाईड बंद. मुलांना गावातल्या जुन्या दगडी मशिदीसमोर बसवलं आणि तिची एकच कमान काढायला लावली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी डोक्यातली कमान काढली, समोरची नाही. पेन्सिल आडवी धरून माप घेतलं तेव्हा कळलं की वाटते तेवढी ती टोकदार नाही. खोडरबर झिजला. डोक्यातलं खोडून डोळ्यासमोरचं मांडायला शिकणं, आमच्या मते या विषयात शिकवण्यासारखं आहे ते हेच. बाकी रंगकाम सवयीने येतं. एका पोराने विचारलं, हे दगड कोणी घडवले? बांधवून घेणाऱ्यांची नावं राहतात, पाथरवटाचं कुणी लिहीत नाही, एवढं आम्ही त्याला सांगितलं. त्याने आपल्या कागदावर कमानीखाली छिन्नी धरलेला एक माणूस काढला. हाताची बोटं चुकली होती, सहा झाली होती.

नंतर पाणवठा परत दिला. त्या पोरीने कॅनची रांग काढली. प्रत्येक कॅनवर घराघरांची नावं रंगवलेली, टोकाला टँकरचा पाइप, आणि पाइपाजवळ दोन बायांचं भांडण. मागचे कॅन पुढच्यांपेक्षा मोठे झालेत, ते शिकवायचं राहिलंय. कागद देताना तिने विचारलं, "सर, परीक्षेत कोनतं काढू?"

आमच्यात दोन मतं पडली. एक म्हणाला, परीक्षक विहिरीलाच मार्क देणार, पोरीचे ७ गुण का घालवता? त्या दिवशी तिला उत्तर न देताच आम्ही वर्ग सोडला. परीक्षकांना आमचं जाहीर सांगणं आहे : टँकरचं चित्र समोर आलं तर ते विषयाला सोडून आहे असा शेरा मारण्याआधी एप्रिलमध्ये आमच्याकडे येऊन जा. आणि पोरी, तुला उशिरा सांगतो आहोत. कॅन काढ.