सहा फुटांचे अंतर आणि कलम ५२

नाशिकला माझ्या धाकट्या भावाच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर एक इंजिन ठेवलेले आहे. इसुझूचे, १८१७ सीसीचे, चालू स्थितीतले. त्यापासून सहा फुटांवर १९८६ सालची कॉन्टेसा उभी आहे आणि तिचे स्वतःचे इंजिन अखेरच्या घटका मोजत आहे. हे सहा फुटांचे अंतर पार करण्याची परवानगी मला मिळत नाही. तीस वर्षे शासनाच्या सेवेत काढलेल्या माणसाने शासनाच्याच नियमाविरुद्ध लेखणी उचलावी हे काही वाचकांना रुचणार नाही, याची कल्पना आहे. तरीही लिहितो.

तरुण वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका. हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९८४ ते २००२ या काळात कॉन्टेसा बनवली. साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टर या गाडीचा. लांब बॉनेट, चार गोल दिवे, मागच्या चाकांना गती. आपल्याकडच्या शौकिनांनी तिला ‘देशी मसल कार’ म्हटले ते या रूपामुळे. बळ मात्र बेताचेच. सुरुवातीच्या गाड्यांत अँबॅसडरचेच १४८९ सीसीचे, सुमारे पन्नास अश्वशक्तीचे इंजिन असे. पैलवानाच्या अंगरख्यात कारकून! काही वर्षांतच कंपनीला ही विसंगती उमगली आणि त्याच सांगाड्यात इसुझूचे इंजिन व पाच गतींचा गिअरबॉक्स आला. म्हणजे जे मी शेडमध्ये करू इच्छितो, ते खुद्द उत्पादकाने कारखान्यात करून हजारो गाड्या विकल्या आहेत.

माझी गाडी मी कोलकात्याच्या नेमणुकीत असताना विकत घेतली, बदली झाल्यावर ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्रात आणली आणि रीतसर नोंदवली. पुढची सारी अर्जित रजा तिच्यापायी गेली. (सौभाग्यवतींचे यावरील मत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) गालिचा उचलला तेव्हा चालकाच्या पायाखालून जमीन दिसली, अक्षरशः. तळाचा पत्रा कापून नवा जोडला. दाराखालच्या पट्ट्या पुट्टीने भरलेल्या निघाल्या. पुट्टी खरवडल्यावर आत लोखंड असे उरलेच नव्हते. बारीकसारीक भाग मल्लिक बाजारातून मागवले. इंजिन सातपूरच्या एका लेथवर नेले, तेव्हा तिथल्या वयोवृद्ध मिस्त्रींनी सिलिंडर मोजून मान हलवली. आजवर इतक्यांदा बोअर झाले होते की आणखी खरवडायला भिंतच उरलेली नव्हती. ‘‘साहेब, स्लीव्ह ठोकून देतो, पाच वर्षं निघतील. पण धूर काढणारच ही,’’ असे ते म्हणाले. तेव्हा भंगारात निघालेल्या दुसऱ्या एका कॉन्टेसाचे इसुझू इंजिन मी पावतीसह घेतले.

मग अर्ज केला. परिवहन कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण दोष त्या खिडकीपलीकडच्या माणसाचा नव्हता. त्याने अर्ज वाचला, कलम दाखवले आणि नम्रपणे सांगितले की मूळ इंजिनाला स्लीव्ह ठोकल्यास कागदोपत्री काहीच बदलत नाही. इसुझू बसवल्यास सीसी बदलतो, म्हणून नाही. बाहेर चहाच्या टपरीशी एक गृहस्थ वाट पाहत होते. त्यांनी आवाज खाली आणून उपाय सांगितला : नव्या इंजिनावरचा क्रमांक घासून जुना ठोकून द्यायचा. ‘‘सगळे तसंच करतात, सर.’’

माझा आक्षेप नेमका येथे आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या मूळ कलम ५२ मध्ये नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन फेरफार करण्याची वाट होती. २००० सालच्या दुरुस्तीने ती जवळजवळ बुजवली : उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हेतू चांगला होता. कर्णकर्कश सायलेन्सर, जीपचे उघडे सांगाडे, बसवर चढवलेले जास्तीचे मजले यांना आवर घालणे आवश्यकच होते. परंतु बदल धोकादायक आहे की उपकारक, हा प्रश्नच कायद्याने कार्यालयाच्या हातून काढून घेतला. परिणामी धूर ओकणारे इंजिन कायदेशीर, त्याहून चांगले इंजिन बेकायदेशीर आणि क्रमांक घासणारा मनुष्य टपरीवर निर्धास्त.

गंमत अशी की मसल कार या प्रकाराचा जन्मच एका नियमाच्या फटीतून झाला. जनरल मोटर्समध्ये मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये असे अंतर्गत धोरण होते. पॉन्टिअ‍ॅक विभागाच्या अभियंत्यांनी १९६४ च्या मॉडेलसाठी ३८९ घन इंचांचे इंजिन नवी गाडी म्हणून न देता जादा पर्याय म्हणून देऊ केले. धोरण नव्या गाडीबद्दल होते, पर्यायाबद्दल नव्हते! तीच ती जीटीओ. नियम केवळ शब्दांवर उभा असला की हुशार माणूस शब्दांनाच वळसा घालतो, हे आम्हा फायलीत वाढलेल्यांना कोणी शिकवायला नको.

याच अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे उदाहरण मुद्दाम देतो, कारण धुरक्याने पोळलेले ते राज्य आहे आणि तेथील उत्सर्जनाचे नियम त्या देशात सर्वांत कडक मानले जातात. तेथे १९७५ पर्यंतच्या मॉडेलना नियमित धूरतपासणीतून सूट आहे. त्यानंतरच्या गाडीत कोणी इंजिन बदलले तर ते गाडीच्याच वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे लागते, त्याची सारी प्रदूषणरोधक उपकरणे जागेवर असावी लागतात आणि एक नियुक्त पंच ते तपासून शिक्का मारतो. म्हणजे शासन म्हणते : बदला, पण पुढे जा, मागे येऊ नका. किती साधे!

आमच्याकडचे सहकारी यावर जे उत्तर देतात ते मी जाणतो आणि त्यात तथ्यही आहे. मोजमाप आले की अधिकाऱ्याचा विवेक आला आणि विवेक आला की टेबलाखालचा हात आला. वय किंवा सीसी हा प्रमाणपत्रावर छापलेला आकडा. त्यावर घासाघीस होत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी आली ती याच तर्काने. राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश २०१४–१५ चे, सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ मध्ये कायम केले. १ जुलै २०२५ पासून जुन्या गाड्यांना पेट्रोल नाकारण्याचा प्रयोग झाला आणि दोन-तीन दिवसांत गुंडाळावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने कारवाईला विराम दिला. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते ठेवले. दिल्लीच्या हवेत हिवाळे काढलेला मी, या चिंतेची थट्टा करणार नाही. माझी कॉन्टेसा दर किलोमीटरमागे आजच्या मोटारीच्या कैकपट घाण सोडते, हेही कबूल करतो. पण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल की नुकसान म्हणजे दर गुणिले अंतर. वर्षाला सहाशे किलोमीटर फिरणारी गाडी आणि वीस हजार किलोमीटर फिरणारी गाडी यांना एकाच वयाच्या पट्टीने मोजणे ही मोजणी नव्हे. अंतरमापकाला सील ठोका, वार्षिक मर्यादा घाला, ओलांडल्यास जबर कर लावा. पिगूने १९२० मध्ये ज्याचा पाया घातला तो विचार आपल्या परिवहन खात्यात पोहोचायला अजून किती वर्षे लागणार?

जुन्या गाड्यांवर शासनाची माया नाही असे नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली : क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये. अट अशी की सांगाडा, बांधा, इंजिन यांत मोठा फेरफार नको. उत्तम. पण पंधराव्या वर्षापासून जिला भंगाराची वाट दाखवायची, तिने पन्नाशी कशी गाठायची? मधली पस्तीस वर्षे ती कोणत्या कायद्याच्या आश्रयाने जगणार? महाराजांच्या गॅरेजात जन्मलेल्या रोल्स-रॉइसला ही चिंता नसते. कॉन्टेसा, पद्मिनी, अँबॅसडर या मध्यमवर्गाच्या गाड्या. त्या उघड्यावर उभ्या राहतात आणि गंजतात. माझी गाडी २०३६ मध्ये पन्नास पूर्ण करील. तेव्हा मी निवृत्त असेन आणि इसुझू बसवलेले असल्यास तीही अपात्र असेल.

असो. तिची नोंदणी येत्या ऑक्टोबरात संपते. वीस वर्षांहून जुन्या मोटारीला नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झाले आहे. ते भरायची माझी तयारी आहे. मिस्त्रींना स्लीव्हचे काम सांगितले आहे. परिवहन मंत्रालयाला वेगळे निवेदन पाठवले असून त्यात कॅलिफोर्नियाची तपासणी-पद्धत दोन पानांत मांडली आहे. त्या खात्यातील एका जुन्या सहकाऱ्याने ते वाचले, हसला आणि म्हणाला, ‘‘चांगलं आहे, पण तुझी स्वतःची गाडी आहे ना, हितसंबंध जाहीर कर.’’ पहिल्याच परिच्छेदात केला आहे. इंजिनावरची ताडपत्री मात्र उंदरांनी कुरतडली आहे. दिवाळीच्या आत नाशिकला जाऊन ती बदलायला हवी.